पराभवानंतरचे मन : ठाणे-कल्याण परिसरातील क्रीडाजीवनाचा एक ऐतिहासिक विचार

१. संज्ञेचा प्रश्न

क्रीडेचा इतिहास बहुधा विजयांच्या यादीने लिहिला जातो. कोणत्या वर्षी कोणी कोणते पदक मिळविले, किती धावा केल्या, कोणता विक्रम मोडला, याची नोंद गुणफलकावर सहज सापडते. परंतु पराभव झाल्यावर, निवड नाकारली गेल्यावर किंवा अंगाला इजा होऊन मैदान सुटल्यावर खेळाडूच्या मनाचे काय झाले, आणि तो पुन्हा कोणत्या बळावर मैदानात उतरला, हे गुणफलक सांगत नाही. वास्तविक स्पर्धात्मक क्रीडेत पराभव हा अपवाद नसून नियम होय. बाद पद्धतीच्या ज्या स्पर्धेत बत्तीस मल्ल उतरतात, तिच्यातून एकतीस मल्ल हरूनच परततात. या एकतिसांचे पुढे काय होते, हा प्रश्न क्रीडेच्या इतिहासात गौण मानता येणार नाही. ठाणे, डोंबिवली व कल्याण या लोहमार्गावरील नगरांत घडलेल्या काही सर्वश्रुत घटनांच्या आधारे, आणि महाराष्ट्रातील क्रीडापरंपरेच्या पार्श्वभूमीवर, याच प्रश्नाचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

आधुनिक मानसशास्त्रात आघातानंतर सावरण्याच्या या शक्तीसाठी जी पाश्चात्त्य संज्ञा रूढ आहे, तिचे मूळ ‘मागे उसळणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात आहे. ती संज्ञा प्रथम पदार्थांच्या गुणधर्मांच्या शास्त्रात स्थिरावली व तेथून माणसाच्या मनाकडे आली. मराठीत तिच्यासाठी ‘लवचिकता’ हा शब्द योजिला जातो, आणि भौतिकीच्या पाठ्यपुस्तकांतील ‘स्थितिस्थापकता’ हा शब्दही अर्थाने तिच्या निकटचा आहे. ताणलेली तार सोडली की पूर्वस्थितीस येते, तसे दुखावलेले मनही पूर्वस्थितीस येते, अशी कल्पना या दोन्ही शब्दांच्या मुळाशी आहे. येथेच विचारास एक अडचण उभी राहते. पराभवानंतर परतलेला खेळाडू खरोखर पूर्वीचाच असतो काय?

न्यायवैशेषिक दर्शनात या प्रश्नास उपयोगी पडेल असा एक भेद फार पूर्वीच केलेला आढळतो. त्या दर्शनात ‘संस्कार’ या गुणाचे तीन प्रकार मानले आहेत : वेग, भावना आणि स्थितिस्थापक. वाकविलेली वस्तू पुन्हा मूळ आकारास येते ती स्थितिस्थापक संस्कारामुळे, आणि तो जडद्रव्याचा धर्म होय. भावना हा संस्कार मात्र केवळ आत्म्याच्या ठायी असतो. तो अनुभवातून उत्पन्न होतो व स्मृतीस कारण होतो. हा भेद लक्षात घेतला, तर सावरलेल्या खेळाडूच्या मनास तारेची उपमा लागू पडत नाही हे ध्यानात येते. तार ताणल्याचे विसरते. खेळाडू पराभव विसरत नाही, तो पराभवाचा संस्कार बरोबर घेऊनच परततो. पुढील विवेचनात या भेदाचा पुनःपुन्हा उपयोग करावा लागेल.

लोकव्यवहारातील मराठीने तर या शक्तीसाठी एक शब्द न ठेवता अनेक शब्द ठेवले आहेत, आणि त्यांचे अर्थ एकमेकांत मिसळत नाहीत. ‘धीर’ हा संस्कृतातून आलेला शब्द प्रामुख्याने वाट पाहण्याशी निगडित आहे. धीर धरावयाचा असतो, तसाच तो दुसऱ्याने द्यावयाचाही असतो. ‘चिकाटी’ चिकटून राहण्याचा गुण सांगते. ‘जिद्द’ हा शब्द मूळ अरबी असून तेथे त्याचा अर्थ ‘विरुद्ध’ वा ‘प्रतिकूल’ असा आहे. हिंदीत त्याचे रूप हट्टाकडे झुकले, मराठीत मात्र तो स्तुतिवाचक झाला. ‘उमेद’ हा फारसीतून आलेला शब्द आशेचा वाचक आहे, आणि ‘दम’ हाही फारसी शब्द श्वासाचा. मल्लाचा दम सुटतो, दम टिकतो, आणि हताश माणसास ‘जरा दम धर’ असेही सांगितले जाते. मुंबईच्या क्रिकेटने यांत ‘खडूस’ या शब्दाची भर घातली. एरवी तुसड्या व कंजूष माणसास लावला जाणारा हा शब्द मैदानावर आला, आणि सहजासहजी बळी न देणाऱ्या, प्रतिपक्षास काहीही फुकट न देणाऱ्या फलंदाजाचे तो भूषण ठरला. या शब्दांपैकी ‘धीर’ हा एकच शब्द देण्याघेण्याचा आहे, ही गोष्ट विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे.

२. आखाड्यातील पूर्वपीठिका

ठाणे जिल्ह्याकडे वळण्यापूर्वी महाराष्ट्रातील क्रीडामनाची जी घटना पुढील पिढ्यांस आदर्शवत् झाली तिचा उल्लेख आवश्यक आहे. कराडजवळील गोळेश्वर या गावी १५ जानेवारी १९२६ रोजी जन्मलेले खाशाबा दादासाहेब जाधव हे १९४८ साली लंडन येथील ऑलिंपिक स्पर्धेत फ्लायवेट गटात उतरले व सहावे आले. लाल मातीत वाढलेल्या या मल्लास मॅटवरील कुस्ती अपरिचित होती. मातीत पाय रुततो, मॅटवर तो सरकतो. मातीत प्रतिस्पर्ध्यास चीतपट करणे हे एकच उद्दिष्ट असते, मॅटवर गुणांचा हिशेबही ठेवावा लागतो. या दृष्टीने पाहता सहावा क्रमांक हे अपयश नव्हते. तथापि खाशाबांनी ते यशही मानले नाही, आणि पुढील चार वर्षे त्या अपरिचित पद्धतीच्या अभ्यासात घालविली.

१९५२ साली हेलसिंकीस जाण्यासाठी पैशाची अडचण उभी राहिली. गावकऱ्यांनी व स्नेह्यांनी वर्गणी जमविली. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले, ही हकीकत सर्वपरिचित आहे. खाशाबांनी हेलसिंकीत बँटमवेट गटात कांस्यपदक मिळविले. जपानचे शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचे रशीद मामेदबेकोव हे दोघे त्यांच्या पुढे राहिले. इशी यांच्याशी झालेल्या दीर्घ कुस्तीनंतर पुरेशी विश्रांती न मिळता त्यांना पुढील कुस्तीस उतरावे लागले, आणि त्या वेळी त्यांची बाजू मांडण्यास कोणी भारतीय अधिकारी तेथे हजर नव्हता, असे सांगितले जाते. स्वतंत्र भारतास वैयक्तिक क्रीडाप्रकारात मिळालेले हे पहिले ऑलिंपिक पदक होय. परतल्यावर खाशाबांनी कुस्त्या भरवून जमलेल्या पैशातून प्राचार्यांचे घर सोडविले, हा या कथेचा उत्तरार्ध फारसा सांगितला जात नाही. परंतु प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने तोच अधिक महत्त्वाचा आहे.

लंडन व हेलसिंकी यांच्यामध्ये जे घडले ते केवळ एका मल्लाच्या मनात घडले नाही. मल्लाची जिद्द होती, परंतु तिला एका प्राचार्याने, एका गावाने व एका शिक्षणसंस्थेने धीर दिला होता. हा आधार पुढे शासकीय पातळीवर टिकला नाही हेही नमूद केले पाहिजे. खाशाबा १९५५ साली पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून दाखल झाले. गुडघ्याच्या दुखापतीमुळे त्यांना १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकला मुकावे लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले. आणि अर्जुन पुरस्कार त्यांच्या वाट्यास आला तो मरणोत्तर.

याच परंपरेत मुरलीकांत पेटकर यांचे नाव घ्यावे लागते. सैन्यात असताना मुष्टियुद्ध खेळणारे पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झाले. पुढे ते जलतरणाकडे वळले, आणि १९७२ साली हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिक स्पर्धेत ५० मीटर मुक्त शैलीच्या शर्यतीत त्यांनी सुवर्णपदक मिळविले. येथे स्थितिस्थापकाची उपमा तर सर्वथा अपुरी पडते. पूर्वस्थितीस परत येणे ज्या शरीरास शक्यच नव्हते, त्याने निराळ्या क्रीडेत निराळी स्थिती निर्माण केली.

३. लोहमार्ग आणि मैदान

बोरीबंदर ते ठाणे हा लोहमार्ग १६ एप्रिल १८५३ रोजी सुरू झाला आणि १ मे १८५४ रोजी तो कल्याणपर्यंत पोहोचला. मुंबईच्या आजच्या अंतिम स्थानकापासून ठाणे सुमारे ३४, डोंबिवली सुमारे ४८ व कल्याण सुमारे ५४ किलोमीटर अंतरावर आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत घर घेणे ज्यांस परवडेना असा नोकरदार मराठी मध्यमवर्ग या मार्गाने उत्तरेकडे व पूर्वेकडे सरकत गेला. १९८२ साली ठाण्यास व १९८३ साली कल्याण-डोंबिवलीस महानगरपालिका आली. वस्ती वाढली, शाळा निघाल्या, वाचनालये व नाट्यगृहे उभी राहिली. परंतु क्रिकेटच्या स्पर्धा, निवडसमित्यांचे सदस्य आणि हिरवळीच्या खेळपट्ट्या मुख्यतः मुंबईतच राहिल्या. आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल आणि शिवाजी पार्क येथे जो खेळला नाही त्याची दखल घेतली जाणे कठीण होते. त्यामुळे या परिसरातील होतकरू मुलाच्या क्रीडाशिक्षणाचा पहिला पाठ खेळपट्टीवर न होता रेल्वेच्या डब्यात झाला. बॅट, पॅड व हातमोजे यांनी भरलेली पिशवी सांभाळीत सकाळच्या गर्दीत चढणे, दुपारभर उन्हात उभे राहणे, पहिल्याच चेंडूवर बाद झाल्यास उरलेला दिवस सीमारेषेबाहेर बसून काढणे, आणि पुन्हा गर्दीतून घरी येणे, हा क्रम वर्षानुवर्षे चालत असे.

या क्रमात हवामानाचीही भर पडे. डॉ. कांगा यांच्या स्मरणार्थ १९४८ साली सुरू झालेली कांगा लीग ही स्पर्धा हेतुपुरस्सर पावसाळ्यात ठेवण्यात आली. ओल्या, अनावृत खेळपट्टीवर चेंडू कधी उसळतो, कधी रुततो. उत्तम फलंदाजही तेथे भोपळ्यावर बाद होतो. फलंदाजाच्या कौशल्याचा व मिळणाऱ्या फळाचा संबंध अशा खेळपट्टीवर सैल पडतो, आणि तरीही पुढच्या आठवड्यात पुन्हा उतरावे लागते. अपयशाचा अर्थ दर वेळी ‘आपण अपात्र आहो’ असा नसतो, ही जाणीव ज्या मुलास लहान वयात झाली, त्याच्या मनावर पुढील आघातांचा परिणाम निराळा होतो. ‘खडूस’ या शब्दाची क्रीडाविषयक अर्थच्छटा अशाच भूमीत रुजली असावी, असे अनुमान करण्यास हरकत नाही.

लोहमार्गाने या प्रदेशातील खेळाडूस आणखी एका प्रकारे आधार दिला, तो उपजीविकेचा. राधानगरी तालुक्यातील नेमबाज स्वप्निल कुसळे यांना मध्य रेल्वेत तिकीट तपासनिसाची नोकरी मिळाली व त्या नोकरीच्या आधाराने त्यांचा सराव चालू राहिला. २०२३ साली हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई स्पर्धेत आघाडीवर असताना एका ७.६ गुणांच्या नेमाने त्यांचे वैयक्तिक पदक हुकले व ते चौथे आले. त्यानंतर वर्षाच्या आत, १ ऑगस्ट २०२४ रोजी, पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल तीन अवस्था या प्रकारात त्यांनी ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळविले. खाशाबांनंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूस मिळालेले हे वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते. हांगझोऊचा तो नेम पॅरिसमध्ये पुसला गेला होता असे मानण्याचे कारण नाही. तो बरोबर असूनही हात स्थिर राहिला, एवढेच म्हणता येते.

४. ॲडलेडहून ब्रिस्बेनकडे

डोंबिवलीच्या क्रीडाजीवनातील सर्वांत परिचित नाव अजिंक्य रहाणे यांचे होय. त्यांचा जन्म ६ जून १९८८ रोजी संगमनेर तालुक्यातील आश्वी खुर्द येथे झाला. बालपण व शालेय शिक्षण डोंबिवलीत झाले. वडील मुंबईच्या बेस्ट उपक्रमात नोकरीस होते. रहाणे यांनी स्वतः जाहीरपणे सांगितलेल्या आठवणींनुसार रिक्षाचे भाडे परवडत नसल्याने आई एका हाती धाकट्या मुलास व दुसऱ्या हाती क्रिकेटची पिशवी घेऊन त्यांच्याबरोबर सरावास चालत जात असे. लहानपणी प्रथम एकट्याने लोकलने मुंबईस जाण्याची वेळ आली, तेव्हा मुलगा नीट जातो की नाही हे पाहण्यासाठी वडील त्याच गाडीच्या दुसऱ्या डब्यातून गुपचूप गेले होते. या आठवणींत कौतुकापेक्षा एक तत्त्व अधिक आहे. मुलास एकटे सोडले होते, परंतु तो एकाकी नव्हता. सावरण्याची शक्ती ज्या घरात वाढते त्या घराचे हे लक्षण म्हणता येईल.

२००७ साली कराची येथे निसार करंडकाच्या सामन्यात प्रथम श्रेणीत पदार्पण करताना रहाणे यांनी १४३ धावा केल्या. २००८–०९ च्या रणजी हंगामात त्यांनी १०८९ धावा जमविल्या. तरीही कसोटी सामन्यासाठी त्यांना मार्च २०१३ पर्यंत थांबावे लागले. २०११ च्या अखेरीपासून सुमारे सोळा महिने ते भारतीय कसोटी संघाबरोबर राखीव खेळाडू म्हणून होते. दिल्लीतील त्या पहिल्या कसोटीत त्यांच्या धावा ७ व १ अशा झाल्या. राखीव खेळाडूचे दुःख हे क्रीडेतील एक विशेष दुःख आहे. त्यात पराभव नाही, पण खेळही नाही. तेथे जिद्दीपेक्षा धीराची कसोटी लागते. पुढे वेलिंग्टन (११८) व लॉर्ड्स (१०३) येथे २०१४ साली झालेल्या शतकांनी त्या धीराचे फळ दिले.

डिसेंबर २०२० मधील ऑस्ट्रेलियाचा दौरा हा या विषयाच्या अभ्यासास उपयुक्त असा जवळजवळ प्रयोगच म्हणावा लागेल. ॲडलेड येथे १७ डिसेंबर रोजी, रहाणे यांनी धाव घेण्याची हाक देऊन ती मागे घेतल्याने कर्णधार विराट कोहली ७४ धावांवर धावबाद झाले. १९ डिसेंबर रोजी भारताचा दुसरा डाव अवघ्या ३६ धावांत आटोपला. कसोटीतील भारताची ती नीचांकी धावसंख्या ठरली, आणि त्या डावात रहाणे स्वतः शून्यावर बाद झाले होते. कोहली पूर्वी ठरल्याप्रमाणे स्वदेशी परतले व मोहम्मद शमी जायबंदी झाले. अशा स्थितीत सुमारे आठवडाभराने मेलबर्न येथे रहाणे यांनी संघाचे नेतृत्व करीत ११२ धावांची खेळी केली, आणि २९ डिसेंबर रोजी भारताने तो सामना आठ गडी राखून जिंकला. या खेळीत ते स्वतः धावबाद झाले. त्यांच्या त्या वेळच्या सहकाऱ्यास, रवींद्र जडेजा यांस, त्यांनी रोष न दाखविता धीर दिला, हे प्रेक्षकांनी पाहिले. अकरा दिवसांपूर्वी ज्या चुकीचे ते स्वतः कारण झाले होते, तीच चूक दुसऱ्याकडून झाली असता तिच्याकडे कसे पाहावे, हे त्या अनुभवाने शिकविले असावे. याच अर्थाने ही स्थितिस्थापकता नसून भावना होय.

सिडनीत प्रेक्षकांच्या एका गटाने मोहम्मद सिराज व जसप्रीत बुमराह यांस वर्णद्वेषी शिवीगाळ केली, तेव्हा रहाणे यांनी ती पंचांच्या नजरेस आणून दिली. अपमान मुकाट्याने सोसणे म्हणजे मनोधैर्य नव्हे, हेही या घटनेने दाखविले. ११ जानेवारी २०२१ रोजी हनुमा विहारी (१६१ चेंडूंत नाबाद २३) आणि रविचंद्रन अश्विन (१२८ चेंडूंत नाबाद ३९) यांनी तो सामना अनिर्णित राखला. ‘खडूस’ या शब्दाचे याहून चांगले उदाहरण मिळणे अवघड. त्यानंतर ब्रिस्बेन येथे, जेथे ऑस्ट्रेलियाचा संघ १९८८ पासून कसोटी हरला नव्हता, १९ जानेवारी रोजी भारताने ३२८ धावांचे लक्ष्य तीन गडी राखून गाठले व मालिका २–१ अशी जिंकली.

या ब्रिस्बेनच्या सामन्यात ठाणे जिल्ह्याच्या दृष्टीने आणखी एक प्रकरण दडलेले आहे. शार्दूल ठाकूर हे पालघरचे. १ ऑगस्ट २०१४ रोजी स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत पालघर हा ठाणे जिल्ह्याचाच भाग होता, आणि तेथून मुंबईचा प्रवास डोंबिवलीहूनही लांबचा. प्रशिक्षक दिनेश लाड यांनी या मुलास शाळेसाठी बोरिवलीत आपल्या घरी ठेवून घेतले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये हैदराबाद येथे ठाकूर यांनी कसोटी पदार्पण केले, आणि दहा चेंडू टाकल्यावर जांघेच्या दुखापतीमुळे त्यांना मैदान सोडावे लागले. दुसरी कसोटी त्यांच्या वाट्यास आली ती दोन वर्षांहून अधिक काळाने, ब्रिस्बेन येथे. तीत त्यांनी सात बळी घेतले आणि पहिल्या डावात ६७ धावा करून वॉशिंग्टन सुंदर (६२) यांच्यासह सातव्या गड्यासाठी १२३ धावांची भर घातली. प्राचार्य खर्डेकरांचे घर आणि दिनेश लाड यांचे घर, या दोहोंत अनेक दशकांचे अंतर असले तरी त्यांचे कार्य एकच होते.

रहाणे यांची कथा ब्रिस्बेनपाशी थांबत नाही. पुढील वर्षभरात त्यांच्या धावा आटल्या आणि २०२२ च्या प्रारंभी दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यानंतर त्यांस संघातून वगळण्यात आले. ते रणजी स्पर्धेकडे परतले. जून २०२३ मध्ये ओव्हल येथील जागतिक कसोटी अजिंक्यपद सामन्यासाठी त्यांची पुन्हा निवड झाली व तेथे त्यांनी ८९ व ४६ धावा केल्या. तथापि त्या वर्षीच्या वेस्ट इंडीज दौऱ्यानंतर ते पुन्हा संघाबाहेर गेले. मार्च २०२४ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली मुंबईने विदर्भाचा १६९ धावांनी पराभव करून बेचाळिसावे रणजी अजिंक्यपद मिळविले. सावरणे ही एकदा घडून संपणारी घटना नसून पुनःपुन्हा करावे लागणारे कर्म आहे, आणि त्याचे फळ दर वेळी अपेक्षित जागी मिळतेच असे नाही, हे या चढउतारांवरून दिसते.

५. विक्रमाचे ओझे

आतापर्यंतच्या उदाहरणांत आघात पराभवाचा वा इजेचा होता. कल्याण येथे जानेवारी २०१६ मध्ये घडलेली घटना निराळ्या प्रकारची आहे. ४ व ५ जानेवारी रोजी भंडारी चषक शालेय स्पर्धेत के. सी. गांधी शाळेच्या प्रणव धनावडे याने आर्य गुरुकुल शाळेविरुद्ध नाबाद १००९ धावा केल्या. ३२७ चेंडू, १२९ चौकार, ५९ षटकार. आणि संघाची धावसंख्या ३ बाद १४६५. एका डावात हजार धावा करणारा तो जगातील पहिला फलंदाज ठरला. त्या वेळी त्याचे वय पंधरा होते व वडील रिक्षा चालवीत असत.

जो विक्रम मोडला गेला तो इंग्लंडमधील क्लिफ्टन महाविद्यालयाच्या ए. ई. जे. कॉलिन्स या तेरा वर्षांच्या मुलाने १८९९ साली केलेल्या नाबाद ६२८ धावांचा होता. कॉलिन्स पुढे प्रथम श्रेणीचा एकही सामना खेळला नाही. तो सैन्यात गेला व ११ नोव्हेंबर १९१४ रोजी पहिल्या महायुद्धात ईप्र येथे मारला गेला. एका डावाने लाभलेली कीर्ती आयुष्यभराच्या क्रीडेची हमी देत नाही, ही गोष्ट इतिहासाने अशा रीतीने आधीच नोंदवून ठेवली होती.

कल्याणच्या मुलास मात्र या नोंदीचा उपयोग झाला नाही. मुंबई क्रिकेट संघटनेने त्यास पाच वर्षे दरमहा दहा हजार रुपयांची शिष्यवृत्ती जाहीर केली. देशभरातून कौतुक झाले. त्यानंतरच्या प्रत्येक डावाकडे लोक हजार धावांच्या मापाने पाहू लागले. धावा होईनाशा झाल्या. २०१७ साली वडिलांनी संघटनेस पत्र लिहून शिष्यवृत्ती थांबविण्याची विनंती केली. मुलाची कामगिरी पुन्हा सुधारल्यास विचार व्हावा, एवढीच अपेक्षा त्यांनी ठेवली. या पत्रास कित्येकांनी पराभवाची कबुली मानले. वस्तुतः रिक्षाच्या मिळकतीवर चालणाऱ्या घराने दरमहाच्या दहा हजारांवर पाणी सोडणे हे दुर्बलतेचे नव्हे, तर विवेकाचे लक्षण होय. पैशाबरोबर येणाऱ्या अपेक्षेचे मोल त्या घरास इतरांआधी कळले होते.

या सामन्यात आणखी अकरा मुले होती. आर्य गुरुकुल शाळेचा संघ ३१ व ५२ धावांत बाद झाला आणि एक डाव व १३८२ धावांनी हरला. दोन दिवस चेंडू सीमेपार जाताना पाहणारी, दुसऱ्या दिवशीही पुन्हा गोलंदाजीस व क्षेत्ररक्षणास उभी राहिलेली ती मुले विक्रमाच्या इतिहासात केवळ ‘प्रतिपक्ष’ म्हणून उरली आहेत. मनोधैर्याचा इतिहास लिहावयाचा तर त्यांच्या त्या दुसऱ्या सकाळीपासून आरंभ करण्यास प्रत्यवाय नाही.

६. मानसशास्त्राची साक्ष

या घटनांतून निघणारे अनुमान आधुनिक संशोधनाशी कितपत जुळते हे पाहणे योग्य होईल. हवाई बेटांपैकी काउआई येथे १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा दीर्घकाल अभ्यास एमी वर्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. प्रतिकूल परिस्थितीत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक-तृतीयांश मुले सक्षम प्रौढ झाली, आणि अशा मुलांच्या आयुष्यात विश्वासाने जवळ करणारे किमान एक तरी वडीलधारे माणूस होते, असे त्यात आढळले. ॲन मास्टेन यांनी २००१ साली असे प्रतिपादन केले की, ही शक्ती असामान्य नसून माणसाच्या सामान्य यंत्रणांतूनच, म्हणजे कुटुंब, शिकवण व आत्मनियंत्रण यांतून, निर्माण होते. डेव्हिड फ्लेचर व मुस्तफा सरकार यांनी २०१२ साली बारा ऑलिंपिक विजेत्यांच्या मुलाखतींवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सकारात्मक स्वभाव, प्रेरणा, आत्मविश्वास व एकाग्रता यांबरोबर, आपल्यामागे माणसे आहेत ही जाणीव, असे पाच घटक आढळले. आणि हे विजेते आघाताकडे धोका म्हणून न पाहता आव्हान म्हणून पाहतात असे दिसून आले.

या पाच घटकांपैकी पहिल्या चारांवरच क्रीडाक्षेत्राचा भर राहतो, कारण ते खेळाडूकडून मागता येतात. पाचवा घटक खेळाडूकडून मागता येत नाही. तो इतरांनी द्यावयाचा असतो. मराठीतील ‘धीर’ या शब्दाचा देण्याघेण्याचा व्यवहार येथे पुन्हा आठवतो.

थांबणे हाही सावरण्याचाच एक प्रकार असू शकतो, हे अलीकडच्या इतिहासाने जगापुढे ठेवले आहे. अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स हिने २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये मनाच्या व शरीराच्या असमतोलामुळे सांघिक अंतिम फेरीतून माघार घेतली, तेव्हा तिच्यावर टीकाही झाली. २०२४ साली पॅरिस येथे तिने तीन सुवर्णपदके व एक रौप्यपदक मिळविले. परंतु ती परतली म्हणून तिची माघार योग्य ठरली, असा युक्तिवाद करणे घातक होय. ती परतली नसती तरी ती माघार तितकीच योग्य ठरली असती. कल्याणच्या शिष्यवृत्तीच्या पत्रासही हाच न्याय लावला पाहिजे.

७. उपसंहार

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, स्पर्धेतील खेळाडूच्या मनाची सावरण्याची शक्ती ही तारेसारखी स्थितिस्थापक नाही; ती अनुभवाचा संस्कार टिकवून धरते व त्याचा उपयोग करते. दुसरा असा की, ‘लवचिकता’ या एकाच संज्ञेने मराठीतील धीर, चिकाटी, जिद्द, उमेद यांतील भेद पुसले जातात. राखीव खेळाडूस धीर लागतो, ब्रिस्बेनसारख्या शेवटच्या दिवशी जिद्द, सिडनीच्या फलंदाजांस चिकाटी, आणि जायबंदी झालेल्यास उमेद. एकाची कमतरता दुसऱ्याने भरून निघत नाही. मराठीतून या विषयाचे अध्ययन करणाऱ्यांनी हे शब्द भाषांतरित संज्ञेसाठी टाकून देऊ नयेत.

तिसरा निष्कर्ष अधिक व्यावहारिक आहे. ज्यास पुन्हा उभे राहता आले त्याच्यामागे बहुतेक वेळा कोणाचे तरी घर उभे असलेले दिसते : गहाण पडलेले, मुलास ठेवून घेणारे, किंवा शेजारच्या डब्यातून मुलावर नजर ठेवणारे. सावरण्याची शक्ती केवळ व्यक्तीचा गुण मानली की, जो उठला नाही त्याच्यावर दोष ठेवून समाज मोकळा होतो. ठाणे, डोंबिवली व कल्याण येथील मैदानांची संख्या व स्थिती, शाळांतील प्रशिक्षकांची नेमणूक, पंधरा वर्षांच्या मुलाच्या यशाला दिली जाणारी प्रसिद्धी आणि अपयशाच्या काळात त्याच्यापाशी बसणारे जाणते माणूस, या गोष्टी म्हणूनच मनोधैर्याच्या अभ्यासाबाहेरच्या नाहीत. दररोज सकाळी क्रिकेटची पिशवी घेऊन या मार्गावर गाडीत चढणाऱ्या मुलांपैकी फारच थोड्यांची नावे पुढे छापली जातील. उरलेल्यांस धीर देणारे कोणी आहे की नाही, यावरूनच या नगरांच्या क्रीडासंस्कृतीची खरी परीक्षा होणार आहे.